जुन्या मोटारीची सीट : बदलायची कशी, जपायचे काय?

प्रस्तावना

इतिहासाची साधने म्हटली की ताम्रपट, नाणी, बखरी, दप्तरे आपल्या डोळ्यांसमोर येतात. मोटारीची सीट येत नाही. परंतु विसाव्या शतकातील समाज कसा बसत होता, कोणाच्या शेजारी बसत होता, पुढे कोण आणि मागे कोण, हे सांगणारे साधन शोधायचे झाल्यास सीटइतके बोलके साधन दुसरे क्वचितच सापडेल. अडचण अशी की जुन्या मोटारीत सर्वांत आधी झिजते आणि सर्वांत सहज बदलली जाते ती सीटच. इंजिन दुरुस्त होते, पत्रा ठोकून सरळ होतो. सीट मात्र बहुधा उचकटून भंगारात जाते.

या पाठात आपण एक उदाहरण घेऊ. समजा, १९६८ सालची अ‍ॅम्बेसेडर मार्क टू एका कुटुंबाकडे आहे. तिच्या पुढच्या सीटच्या स्प्रिंगा बसल्या आहेत, आवरण फाटले आहे. तिच्या जागी कोणती सीट बसवावी? वरवर हा गॅरेजमधला प्रश्न वाटतो. प्रत्यक्षात तो इतिहासलेखनाचा प्रश्न आहे, कारण उत्तर देताना त्या कुटुंबाला ठरवावे लागते की या वस्तूचा कोणता काळ आपण जपणार आहोत.

सलग सीटचा काळ

हिंदुस्थान मोटर्सने पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथे अ‍ॅम्बेसेडरचे उत्पादन १९५७-५८ च्या सुमारास सुरू केले. ती ब्रिटनमधील मॉरिस ऑक्सफर्ड मालिका तीन या मोटारीवर आधारलेली होती. मुंबईत कुर्ला येथे वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी फियाटच्या परवान्याने मोटारी बनवत होती. तिचीच मोटार पुढे 'पद्मिनी' या नावाने ओळखली गेली. दोन्ही मोटारींत गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबाला जोडलेला होता.

ही बाब सीटच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. गिअरचा दांडा जमिनीवर नसल्याने दोन सीटांच्या मध्ये जागा सोडण्याची गरज नव्हती. म्हणून अ‍ॅम्बेसेडरमध्ये पुढेही मागच्यासारखीच एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत जाणारी सलग सीट बसवता आली. चालकाशेजारी दोघे बसत, मांडीवर एखादे मूल असे. परवाना पद्धती आणि आयातीवरील निर्बंध यांमुळे मोटार ही दुर्मीळ वस्तू होती. एका मोटारीत शक्य तितकी माणसे बसवणे ही त्या काळाची रीत होती. दुसऱ्या टोकाला सरकारी पांढरी अ‍ॅम्बेसेडर होती. तिच्या मागच्या सीटवर पाठीशी पांढरा टॉवेल टाकलेला असे. पुढची सीट चालकाची आणि शिपायाची, मागची साहेबांची. एकच सीट, पण कुटुंबाच्या मोटारीत ती दाटीवाटीची खूण ठरली आणि सरकारी मोटारीत अधिकाराची.

सीटच्या पोटात काय होते?

जुन्या पद्धतीच्या सीटमध्ये लोखंडी सांगाडा, त्यावर स्प्रिंगा, स्प्रिंगांवर गोणपाट, त्यावर काथ्या किंवा कापसाचा थर आणि सर्वांवर आवरण अशी रचना असे. फोमचा वापर नंतर वाढला. आवरणासाठी आपण सर्रास वापरतो तो 'रेक्झिन' हा शब्द मुळात इंग्लंडमध्ये मँचेस्टरजवळच्या हाइड येथील एका कंपनीच्या मालाचे नाव होते. कापडावर सेल्युलोज नायट्रेटचा लेप देऊन ते कृत्रिम चामडे तयार होई. आज बाजारात त्याच नावाने मिळणारा माल बहुधा पीव्हीसीचा असतो. शब्द तोच राहिला, वस्तू बदलली. इतिहासाच्या विद्यार्थ्याने अशा शब्दांपासून सावध राहावे, कारण 'मूळ रेक्झिन बसवले आहे' या वाक्याचे दोन वेगवेगळे अर्थ होऊ शकतात.

याचा व्यावहारिक परिणामही आहे. काथ्या आणि स्प्रिंगा काढून केवळ फोम भरला तर सीट बाहेरून मूळ दिसते, पण बसण्याची उंची बदलते आणि शिवणीच्या उभ्या पट्ट्या वेगळ्या फुगतात. शिवाय आतला मूळ थर फेकला गेला की तो कशाचा होता हे सांगणारा पुरावा उरत नाही.

तीन पर्याय

आपल्या उदाहरणातील कुटुंबासमोर साधारण तीन मार्ग आहेत.

पहिला मार्ग म्हणजे मूळ सांगाडा ठेवून सीट पुन्हा भरून घेणे. तुटलेल्या स्प्रिंगा तेवढ्या बदलायच्या, जुने आवरण शिवण उसवून काढायचे आणि त्याच्याच तुकड्यांवरून नवे कापायचे. याला वेळ लागतो आणि हाताने काम करणारा कारागीर लागतो.

दुसरा मार्ग म्हणजे त्याच मॉडेलची, पण नंतरच्या काळातील सीट बसवणे. अ‍ॅम्बेसेडरचा सांगाडा २०१४ मध्ये उत्पादन थांबेपर्यंत मूलतः फारसा बदलला नाही. १९९० च्या दशकात इसुझू इंजिनाच्या १८०० आयएसझेड या मॉडेलमध्ये सीट बेल्ट आले आणि सलग सीटऐवजी स्वतंत्र बकेट सीटांचा पर्याय मिळाला. अशा सीटा १९६८ च्या मोटारीत बसवण्याचा मोह होतो, कारण त्या 'अ‍ॅम्बेसेडरच्याच' असतात. परंतु फसगत होते ती इथेच. परक्या मोटारीची सीट पाहणाऱ्याच्या लगेच लक्षात येते. त्याच घराण्यातील नंतरची सीट मात्र मूळ म्हणून खपून जाते आणि पुढच्या पिढीला चुकीची माहिती देते.

तिसरा मार्ग म्हणजे आधुनिक मोटारीची सीट. ती आरामदायक असते, तिला डोके टेकायला आधार असतो. मात्र बसवण्यापूर्वी मापे घ्यावी लागतात : रुळांमधील अंतर, जमिनीपासून उंची, दार बंद झाल्यावर उरणारी जागा, स्टिअरिंग आणि मांडी यांतील अंतर, डोके आणि छत यांतील अंतर. आधुनिक सीट जाड असल्याने माणूस नको तितका वर बसतो. सीटच्या कडेला एअरबॅग असेल तर तिच्या तारांना अनोळखी हात लावणे धोक्याचे आहे.

सुरक्षेचा प्रश्न

येथे एक खरा पेच आहे आणि तो टाळता येत नाही. तीन ठिकाणी बांधला जाणारा सीट बेल्ट व्होल्वो कंपनीत नील्स बोहलिन यांनी १९५९ मध्ये विकसित केला. अमेरिकेत पुढच्या सीटांना डोक्याचा आधार १९६९ पासून सक्तीचा झाला. भारतात केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १९९३ च्या दुरुस्तीने नव्या मोटारींत पुढच्या सीटांसाठी बेल्ट बसवणे उत्पादकांवर १९९४ पासून बंधनकारक झाले. म्हणजे १९६८ ची मोटार 'मूळ स्वरूपात' जपायची तर बेल्ट नाही, डोक्याला आधार नाही आणि माणसे मात्र आजची, आजच्या वेगाच्या रस्त्यावर.

केवळ बेल्ट विकत आणून जमिनीच्या पत्र्याला बोल्टने अडकवणे हा उपाय नव्हे. जुन्या पत्र्याला आतून गंज लागलेला असतो. धक्का बसताच बोल्ट पत्रा फाडून बाहेर येतो. सीट असो वा बेल्ट, खाली रुंद पोलादी पट्टी देऊन भार पसरवावा लागतो आणि त्याआधी गालिचा काढून पत्रा तपासावा लागतो. अ‍ॅम्बेसेडरला वेगळी चौकट नाही. जमिनीचा पत्रा हाच तिच्या सांगाड्याचा भाग आहे. म्हणून तेथे केलेली काटछाट ही केवळ सीटपुरती राहत नाही.

कायदा काय जपतो?

केंद्र सरकारने २०२१ मध्ये 'व्हिंटेज' वाहनांच्या नोंदणीचे स्वतंत्र नियम जाहीर केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक जुनी, मूळ स्वरूपात राखलेली, बिगरव्यावसायिक दुचाकी व चारचाकी वाहने त्यांत येतात. चासी, बॉडीचा सांगाडा किंवा इंजिन यांत फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. त्यात सीटचा वेगळा उल्लेख नाही. शिवाय मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही. आसनक्षमता हा असाच एक तपशील आहे.

यातून एक गोष्ट स्पष्ट होते. कायदा यंत्राचा इतिहास जपतो. माणसे कशी बसत होती, हा इतिहास मालकाच्या आणि कारागिराच्या हाती सोडतो. मुंबईच्या टॅक्सींचे उदाहरण पाहा. टॅक्सीसाठी २० वर्षांची वयोमर्यादा होती. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव येथे नोंदली गेली होती, त्यामुळे २०२३ च्या ऑक्टोबरअखेर काळी-पिवळी पद्मिनी शहरातून निवृत्त झाली. या टॅक्सींच्या सीटांवरची फुलाफुलांची, नक्षीची आवरणे चालक आपल्या आवडीने शिवून घेत. ती कंपनीची नव्हती, म्हणून 'मूळ'ही नव्हती. पण त्या टॅक्सीत बसलेल्या मुंबईकराच्या आठवणीत तीच आहेत. एखादी पद्मिनी टॅक्सी जपायची झाल्यास ते आवरण काढून कारखान्यातले साधे आवरण घालणे योग्य ठरेल का? वस्तू कारखान्यातून बाहेर पडते त्या दिवशी तिचा इतिहास संपत नाही. तो तेव्हा सुरू होतो.

समारोप

ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ मध्ये स्वीकारलेली तुरिन सनद, वास्तूंच्या जतनासाठीच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेवरून प्रेरणा घेते. वास्तूंच्या जतनातून आलेली दोन तत्त्वे आपल्या प्रश्नाला थेट लागू पडतात : केलेला बदल शक्यतो परत फिरवता यावा आणि त्याची नोंद राहावी.

त्यानुसार आपल्या कुटुंबाला असे सांगता येईल. मोटार प्रदर्शनात आणि क्वचितच रस्त्यावर जाणार असेल, तर मूळ सीट पुन्हा भरून घ्या. मुलाबाळांसह वारंवार फिरणार असाल, तर आधाराची सीट आणि नीट बसवलेला बेल्ट घ्या; माणसाच्या जिवापेक्षा मूळ स्वरूप मोठे नाही. मात्र शक्य तेथे जुनीच बोल्टची भोके वापरा. पत्रा कापणे भाग पडत असेल, तर व्हिंटेज नोंदणीवर त्याचा काय परिणाम होईल हे आधी तपासा. जुनी सीट भंगारात देऊ नका. ती कोरड्या जागी ठेवा, आवरणाचा एक तुकडा आणि आतील थरांचे छायाचित्र जपा आणि कोणत्या वर्षी काय बदलले ते मोटारीच्या कागदपत्रांत लिहून ठेवा. बदललेली सीट ही लबाडी नव्हे. न नोंदवलेली सीट मात्र उद्याच्या अभ्यासकाला खोटी साक्ष देते.

विचारासाठी प्रश्न

१. गिअरच्या दांड्याची जागा आणि सीटची रचना यांचा संबंध स्पष्ट करा.
२. पद्मिनी टॅक्सीचे नक्षीदार सीट कव्हर हे 'मूळ' मानावे का? आपले मत कारणांसह मांडा.
३. आपल्या घरातील किंवा परिसरातील एक जुने वाहन निवडा. त्याचे कोणते भाग केव्हा बदलले याची माहिती मालकाला विचारून कालक्रमाने लिहा.