सुदर्शन तलावाची डागडुजी

दिवाळी तोंडावर आली, की घरोघर डागडुजीची धांदल उडते. कुठे पोपडे आलेल्या भिंतीला चुना लागतो, कुठे कुरकुरणाऱ्या दाराच्या बिजागऱ्या बदलतात. नवे घर बांधताना माणूस हौसेने कर्ज काढतो. पण जुन्याच्या दुरुस्तीचा विषय निघाला, की 'पुढच्या वर्षी पाहू' म्हणून हिशेबाची वही मिटतो. राज्यकर्त्यांचेही असेच असते. नव्या धरणाच्या कोनशिलेवर नाव घालून घ्यायला सारे पुढे येतात. फुटका बांध सांधायला पैसा कोणी द्यायचा, हा प्रश्न मात्र नेहमीच अवघड. या प्रश्नाचे एक फार जुने उत्तर सौराष्ट्रात दगडावर कोरलेले आहे.

जुनागढहून गिरनारकडे जाताना वाटेत एक प्रचंड शिळा लागते. तिच्यावर अशोकाच्या चौदा आज्ञा आहेत, महाक्षत्रप रुद्रदामनाचा लेख आहे आणि गुप्तसम्राट स्कंदगुप्ताचाही आहे. पुढचे दोन्ही लेख एकाच तलावाची कथा सांगतात. त्या तलावाचे नाव सुदर्शन.

चंद्रगुप्त मौर्याच्या काळी, म्हणजे इसवी सनापूर्वी चौथ्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास, त्याचा प्रांताधिकारी वैश्य पुष्यगुप्त याने डोंगरातून येणाऱ्या नद्यांना बांध घालून हे तळे केले. पुढे अशोकाच्या वतीने यवनराज तुषास्प याने त्याला पाण्याच्या प्रणाळ्या जोडल्या. पुढची साडेचार शतके तळे नांदते राहिले.

मग शके ७२, म्हणजे इ. स. १५० मधील मार्गशीर्ष वद्य प्रतिपदा उजाडली. अवेळी धो धो पाऊस कोसळला. सुवर्णसिकता आणि पलाशिनी या नद्यांना पूर आला, वाऱ्याने झाडे आणि डोंगराची शिखरे उन्मळली, आणि बांधाला ४२० हात लांब, तितकेच रुंद आणि ७५ हात खोल खिंडार पडले. सारे पाणी वाहून गेले. लेख लिहिणाऱ्याने येथे शब्दावर मोठी मार्मिक कोटी केली आहे: वाळवंटासारखे उघडे पडलेले ते सुदर्शन आता दुर्दर्शन झाले!

खरी गोष्ट येथून पुढे सुरू होते. राजाचे सल्लागार आणि कारभारी चांगले गुणवान होते. पण खिंडाराचा आकार पाहून त्यांचाही धीर खचला आणि त्यांनी दुरुस्तीला विरोध केला. बांध आता होत नाही, हे कळताच प्रजेत हाहाकार उडाला. तेव्हा आनर्त आणि सुराष्ट्राचा अधिकारी सुविशाख याने हे काम अंगावर घेतले. हा पह्लव, कुलैपाचा पुत्र. लेखात त्याच्या अनेक गुणांचे कौतुक आहे. त्यांतला एक असा, की तो लाच खाणारा नव्हता. बांधकामाचा पैसा ज्याच्या हातून जातो, त्याच्यात हा गुण हवा, हे त्या काळीही लोकांना ठाऊक होते!

आणि पैसा? राजा सांगतो, की नगरवासी आणि ग्रामवासी यांच्यावर कर, वेठबिगार किंवा 'प्रणय' लादला नाही; आपल्या कोशातून मोठा खर्च केला. प्रणय म्हणजे नावाला प्रेमाची भेट, पण नाकारण्याची सोय नसलेली वर्गणी. आता कोशही भरला होता तो प्रजेच्याच करांनी आणि जकातींनी, हे त्याच लेखात आहे. तेव्हा पैसा लोकांचाच होता. पण संकटात सापडलेल्यांच्या मानेवर नवे ओझे ठेवले नाही, हे राजाने आपल्या पराक्रमांच्या रांगेत मांडावे, यातच त्याचे मोठेपण आहे. बांध पूर्वीच्या तिप्पट मजबूत झाला आणि तळे आधीपेक्षाही सुदर्शन झाले.

या राजाचा आपल्या मुलखाशीही संबंध आहे. दक्षिणापथाचा स्वामी सातकर्णी याला आपण दोनदा जिंकले, पण जवळच्या नात्यामुळे त्याचा उच्छेद केला नाही, असे तो सांगतो. मुंबईजवळच्या कान्हेरी लेण्यांत वासिष्ठीपुत्र सातकर्णीच्या राणीचा उल्लेख असलेला लेख आहे. ती एका महाक्षत्रपाची कन्या होती. त्याच्या नावातले पहिले अक्षर 'रु' तेवढे उरले आहे, आणि तो हाच रुद्रदामन असे विद्वान मानतात. तो लेखही कशाचा? पाण्याच्या टाक्याच्या दानाचा!

इ. स. ४५५ मध्ये भाद्रपदातल्या एका रात्री सुदर्शन पुन्हा फुटले. स्कंदगुप्ताचा सौराष्ट्रातला अधिकारी पर्णदत्त याचा पुत्र चक्रपालित याने पुढच्या वर्षी अपार धन खर्चून, दोन महिने खपून बांध सांधला.

तळे काही एकट्या शेताचे नसते. याच शिळेवर अशोकाने माणसांसाठी आणि जनावरांसाठी विहिरी खणल्याचे नमूद आहे. आणि 'सुदर्शन' हे नावच सांगते, की काठावर येऊन डोळे निववणारेही तेव्हा होते. आपल्याकडे नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर-मध्यमेश्वरचा बंधारा शेतीच्या पाण्यासाठी बांधला गेला. गाळ साचून तेथे दलदल आणि बेटे झाली, पाखरे उतरू लागली, त्यांना पाहायला माणसे येऊ लागली. २०२० मध्ये त्याला रामसर स्थळाचा मान मिळाला. गाळ काढला तर पाणी जास्त साठेल आणि शेताला खत मिळेल. सारा काढला तर पाखरांनी उतरायचे कुठे? म्हणून दुरुस्तीची वही उघडताना नुसता खर्चाचा आकडा मांडून भागत नाही. तळ्याचे वाटेकरीही त्यात लिहावे लागतात.

स्कंदगुप्तानंतर सुदर्शनाच्या दुरुस्तीचा लेख त्या शिळेवर नाही. केव्हातरी बांध पुन्हा फुटला असेल, कारभाऱ्यांनी पुन्हा माना हलवल्या असतील, आणि त्या वेळी एखादा सुविशाख पुढे आला नसेल. आज शिळा आहे, तळे नाही.