कोणते खाते कोणत्या मजल्यावर?

१/ १ ऑक्टोबर १९८२ रोजी ठाणे महानगरपालिका अस्तित्वात आली आणि कळवा तिच्या हद्दीत आले. गावाचा विकास आराखडा तेव्हापासून राज्याच्या नगरविकास खात्याच्या अखत्यारीत आला. जमिनीच्या नोंदी महसूल खात्याकडेच राहिल्या. कळव्यातील एकाच भूखंडाची फाईल त्यामुळे दोन्ही खात्यांत फिरू शकते. अशा वेळी ही खाती इमारतीत कोठे बसतात, हा प्रश्न क्षुल्लक राहत नाही.

२/ मुंबईचे जुने सचिवालय १८७४ मध्ये पूर्ण झाले. रचनाकार कॅप्टन हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स. लांबी ४४३ फूट. पहिल्या मजल्यावर कौन्सिल हॉल, गव्हर्नरांची दालने आणि महसूल खाते. न्याय व लष्कर ही खाती दुसऱ्या मजल्यावर. वसाहती राज्याचा मोठा आधार जमीनमहसूल होता, हे लक्षात घेता ही मांडणी बोलकी ठरते.

३/ १९५५ मध्ये नवे सचिवालय उभे राहिले. १९७५ मध्ये त्याचे ‘मंत्रालय’ झाले. तेथेही मजल्याला अर्थ आला. मुख्यमंत्र्यांचे कार्यालय असलेला ‘सहावा मजला’ हा सत्तेचाच पर्यायी शब्द बनला.

४/ जागावाटपाचे गणितही आहे. १९५७ मध्ये कूपमन्स आणि बेकमन या अर्थशास्त्रज्ञांनी ते मांडले. दोन खात्यांमधील देवाणघेवाण गुणिले त्यांच्यातील अंतर. सर्व जोड्यांची ही बेरीज किमान हवी. दहा खाती आणि दहा जागा असल्या, तरी ३६,२८,८०० मांडण्या संभवतात. खाती वाढली की सर्वोत्तम मांडणी शोधणे संगणकालाही जड जाते.

५/ या बेरजेत प्रतिष्ठा धरलेली नाही, आणि धोकाही नाही. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाच्या चौथ्या मजल्यावर आग लागली व वरच्या मजल्यांवर पसरली. पाच जणांचा मृत्यू झाला, असंख्य फायली जळाल्या. अनेक कार्यालये तातडीने अन्यत्र हलवावी लागली. कित्येक वर्षांची मांडणी एका दिवसात मोडली.

६/ त्या सूत्रात आणखी एक अंतर सुटते, ते नागरिकाचे. कळव्याला बहुतेक जलद लोकल थांबत नाहीत. तेथून धीम्या गाडीने मुंबई गाठणाऱ्या अर्जदाराला एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पाठवले, तर त्या दोन दारांमधील अंतर फुटांत मोजून भागत नाही. त्याचे माप बुडालेला दिवस असते.