सहीनंतरचं गाणं

आरत्या संपत येतात, कापूर पेटतो, टाळ्यांची लय वाढते आणि ‘घालीन लोटांगण’ सुरू होतं. मराठी घरात वाढलेल्या माणसाला ते कधी पाठ करावं लागत नाही. कानावर पडून पडूनच ते येतं, त्यामुळे शांतपणे बसून ते वाचायची वेळ कुणावर येत नाही.

आमच्या घरात मात्र त्यावर वाद होता. आजोबा लालबागच्या चाळीतले, गिरणीत साचाखात्यात कामाला आणि संध्याकाळी भजनी मंडळात पेटीवर. पाचही कडवी नामदेवांचीच, हे त्यांचं ठाम मत. आत्या संस्कृत शिकवायची, ती म्हणायची, “अहो बाबा, पहिलं सोडलं तर बाकी सगळं संस्कृत आहे!” त्यावर आजोबा म्हणायचे, “नामदेव पंजाबात जाऊन तिथल्या भाषेत गायले. संस्कृत जमायला त्यांना काय झालं होतं?” आजी आतून ओरडायची, “शिंप्याचा गाणा ता, ठिगळा असतलीच!”

आजीच बरोबर होती. पहिलं कडवं मराठी अभंगाचं आहे आणि त्याच्या शेवटी नाम्याची मुद्रा येते. (हा नामा ज्ञानदेवांच्या काळातला की पुढचा विष्णुदास नामा, ते अभ्यासकांवर सोडू.) अभंगात मुद्रा आली की कवीची सही झाली, रचना संपली. हे गाणं सहीनंतर चार कडवी पुढे चालतं. दुसरं कडवं पांडवगीतेत गांधारीच्या तोंडी आहे, तिसरं भागवताच्या अकराव्या स्कंधातलं, चौथं शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या अच्युताष्टकातलं आणि पाचवं कलिसंतरण उपनिषदातला सोळा नामांचा मंत्र. गंमत म्हणजे गणपतीपुढे आपण हे इतक्या जोरात म्हणतो आणि त्यात गणपतीचं नाव एकदाही येत नाही.

ही ठिगळं कुणीही आणि कधीही जोडलेली असोत, जोडणाऱ्याला कविता कळत होती, असं माझं मत आहे.

पहिल्या कडव्यात भक्ताच्या सहा कृती आहेत आणि त्यांचा क्रम पाहण्यासारखा आहे. आधी अंग जमिनीवर, मग चरण, मग डोळ्यांपुढे रूप, त्यानंतर थेट मिठी. जमिनीवरचा माणूस हळूहळू उठत देवाच्या छातीपर्यंत पोचतो. पूजा आणि ओवाळणं त्यानंतर येतं. आपल्या रिवाजात आधी पूजा, आणि मिठी तर नाहीच. नामा मिठी आधी मारून घेतो. आणि हे सगळं भविष्यकाळात. प्रत्यक्षात आपण उभे असतो, कुणी जागीच गिरकी घेतं, जमिनीवर कुणीच पडत नाही. आजोबा यावर पायरीची गोष्ट सांगत. पंढरपुरात महाद्वारी संतांच्या पायाखाली राहायचं म्हणून नामदेव पायरी झाले, अशी श्रद्धा आहे. “त्यांनी घातलं लोटांगण. आपण नुसतं घालीन, घालीन म्हणतो,” असं ते म्हणायचे.

दुसऱ्या कडव्यात क्रियापदच नाही. आहे ती नात्यांची यादी: आई, वडील, भाऊबंद, सखा, मग विद्या आणि धन. पांडवगीतेने ही यादी गांधारीला दिली, हे मला फार धाडसाचं वाटतं. महाभारताच्या स्त्रीपर्वात शंभर मुलगे गमावलेली हीच बाई कृष्णाला शाप देते. यादीतल्या शेवटच्या शब्दावर, धनावर, आजोबांची एक आठवण होती. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि मुंबईतले सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्या वर्षी गणपती ऑगस्टमध्ये आले, तेव्हा जानेवारीपासून चाळीत पगार नव्हता. आजोबा सांगत, आरतीनंतर शेजाऱ्याने त्यांना या कडव्याचा अर्थ विचारला. धनसुद्धा देवच, हे ऐकून तो म्हणाला, “म्हणजे आमचा पगार मखरातच बसलाय म्हणायचा!” या कडव्यावर याहून चांगलं भाष्य मी वाचलेलं नाही.

तिसऱ्या कडव्यात जोडणाऱ्याचा हात स्पष्ट दिसतो. भागवतात निमी राजाला कवी नावाचा योगी उपदेश करतो: देहाने, वाणीने, मनाने माणूस जे जे करतो ते त्याने नारायणाला अर्पण करावं. तिथे क्रियापद तृतीय पुरुषी आहे, विध्यर्थी आहे. आरतीत ते प्रथमपुरुषी वर्तमानकाळी झालं. करावं होतं तिथे करतो आलं. एवढ्या बदलाने उपदेशाची कबुली झाली. पहिल्या कडव्यातलं ‘मी करीन’ इथे ‘मी करतो आहे’ या टप्प्यावर पोचतं. याच स्कंधावर नाथांनी एकनाथी भागवत लिहिलं आणि 1573 मध्ये काशीत पुरं केलं. मराठी कीर्तनातून हा श्लोक घराघरात यायला तीच वाट झाली असावी, असा माझा अंदाज आहे.

चौथ्या कडव्यात नावांची रांग आणि टोकाला एकच क्रियापद. पाचव्यात तेही नाही, फक्त हाका. सहा कृतींपासून निघालेला ‘मी’ शेवटच्या कडव्यात उरतच नाही. लय वाढत जाते ती नेमकी याच उतरणीवर.

म्हणून आजोबा आणि आत्या दोघांचंही मला पटत नाही. ही एका कवीची रचना नाही, तसाच श्लोकांचा नुसता ढीगही नाही. तिला संपादक आहे आणि तो उत्तम आहे; त्याने सही तेवढी केलेली नाही. कुणाच्या घरी पणजोबांच्या हातची आरत्यांची वही असेल तर ती रद्दीत घालू नका. नाम्याच्या सहीनंतर तिच्यात कोणती कडवी आहेत आणि कोणत्या क्रमाने, ते आधी उतरवून घ्या.