गारठ्याची भरपाई

श्रोतेहो, पौषातल्या पहाटे गव्हाला पाणी धरणाऱ्या गड्याला थंडी म्हणजे काय ते शिकवावं लागत नाही. बोटं वळत नाहीत, फावडं हातात आहे की गळून पडलं हेही समजत नाही. पण ऊन वर आलं, घटकाभर शेकोटीपाशी बसलं, की हात पुन्हा आपला होतो. थंड मुलखात गारठा एवढ्यावर थांबत नाही. बोटांतल्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्त पोचत नाही, मांस गोठते आणि प्रसंगी बोट कापावे लागते. याला हिमदंश म्हणतात. यातली मेख अशी, की हात बधिर झाल्यामुळे दुखणे आरंभी कळतच नाही. यंत्रात हात सापडला तर वेळ सांगता येते. गारठ्याने हात कधी गेला, हे कोणी सांगावे?

अशाच एका हाताची हकिकत आज सांगायची आहे.

इंग्लंडात १८९७ साली कामगारांच्या नुकसानभरपाईचा कायदा झाला. जोसेफ चेंबरलेन यांनी तो पुढे रेटला. त्यापूर्वी कामावर इजा झाली, तर मालकाची चूक कामगारानेच शाबीत करावी लागे. नव्या कायद्याने ते ओझे उतरवले. इजा 'कामामुळे आणि काम चालू असताना' झाली असेल, तर मालकाने भरपाई द्यावी, असे ठरले. रक्कम काही मोठी नव्हती. काम करता येत नसेल तोवर निम्मा पगार, तोही आठवड्याला फार तर एक पौंड. आरंभी रेल्वे, कारखाने, खाणी अशा धंद्यांनाच कायदा लागू होता. १९०० साली शेतमजूर त्यात आले आणि १९०६ च्या कायद्याने बहुतेक सगळे कामगार आले.

'काम चालू असताना' हे समजायला सोपे. वाद पेटला तो 'कामामुळे' या शब्दावर. वीज पडली, तर ती कामामुळे पडली म्हणायची काय? १९०४ साली एका गवंड्याच्या बाबतीत न्यायालय 'होय' म्हणाले, कारण तो उंच परांचीवर उभा होता आणि उंचीमुळे त्याचा धोका वाढला होता. १९०८ साली आयर्लंडात रस्त्यावर काम करणाऱ्या मजुरावर वीज पडली, तेव्हा उत्तर आले 'नाही'. तिथे तो धोका सर्वांना सारखाच, असे मानले गेले.

मग आला आपला पाववाला. बेकरीतला हा कामगार गाडीतून गिऱ्हाइकांना पाव पोचवीत असे. कडाक्याच्या थंडीत फेरी करताना त्याच्या हाताला हिमदंश झाला. खालच्या न्यायाधीशाने ठरवले, की बाहेर वावरणाऱ्या इतर माणसांपेक्षा याला काही जादा धोका नव्हता. प्रकरण थेट लॉर्डसभेपर्यंत गेले. १९१२ च्या निकालसंग्रहात तो निकाल छापलेला आहे : खालचा निर्णय कायम. पाववाल्याच्या पदरात काही पडले नाही.

गुरुजी, हा प्रश्न वर्गात मुलांना घालून पाहा. थंडी सर्वांना सारखी, हे खरं. पण ज्याला जमेल तो दार लावून आत बसतो. पाववाल्याला ती मुभा कुठे होती? थंडी निसर्गाची खरी, पण त्या थंडीत त्याला उभं केलं ते नोकरीने!

हा विचार न्यायालयात पोचायला फार वर्षे लागली नाहीत. एका बांधकाम करणाऱ्या मालकाने आपल्या पोऱ्याला सायकलवरून कामाला धाडले आणि रस्त्यात त्याला अपघात झाला. खालच्या न्यायालयांनी जुनाच पाढा वाचला : रस्त्याचा धोका सर्वांनाच असतो. १९१७ साली लॉर्डसभेने तो निकाल फिरवला. कामानेच ज्याला रस्त्यावर धाडले, त्याच्यापुरता रस्त्याचा धोका हा कामाचाच धोका होय. तो इतरांनाही असतो, एवढ्याने याचा हक्क बुडत नाही.

आपल्याकडे १९२३ साली असा कायदा झाला आणि १ जुलै १९२४ पासून लागू झाला. त्यात तेच शब्द आले, आणि शब्दांबरोबर तोच वादही आला. डिसेंबर १९५२ मध्ये कुर्ला स्टेशनवरचा एक रेल्वे कामगार मध्यरात्रीच्या पाळीसाठी रेल्वेच्या चाळीतून निघाला. स्टेशनावर जायची वाट रेल्वेच्याच आवारातून होती. तिथे अज्ञात इसमांनी त्याला भोसकले. मुंबई उच्च न्यायालयात मुख्य न्यायाधीश छागला यांनी वारसांच्या बाजूने निकाल दिला. माणूस नोकरीमुळे त्या जागी होता आणि तिथे त्याच्यावर संकट आले. त्याहून जास्त संबंध वारसांनी शाबीत करण्याची गरज नाही, असा त्याचा आशय होता.

२०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही 'कामामुळे आणि काम चालू असताना' हीच कसोटी आहे. म्हणून मंडळी, ऊन असो, वीज असो की गारठा असो, इजा झाली तर त्याच दिवशी मुकादमाला सांगा. किती वाजता, कुठे, कोणाच्या सांगण्यावरून आणि किती वेळ उभे होतात, हे कोणाकडून तरी लिहून ठेवा. गुरुजी, लिहिता न येणाऱ्याचे चार शब्द आपणच लिहून द्या. कष्टकऱ्याचं भांडवल म्हणजे त्याचे दोन हात. ते कोणाच्या कामापायी गेले, याची नोंद कुठेतरी राहायला हवी.