वारणेच्या उसाची संगणकीय नोंद
तात्यासाहेब कोरे यांनी उभारलेल्या सहकारी साखर कारखान्याभोवती वाढलेल्या वारणानगरात 1998 साली ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला आणि कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सुमारे 70 गावांच्या ऊस उत्पादकांना ऊसनोंद, तोडणीचा परवाना, काट्यावरचे वजन व ऊसबिल यांची माहिती गावातल्या संगणक केंद्रावर देण्याची सोय झाली. 2007 च्या सुमारास मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या प्रयोगाने काही गावांत संगणकाची जागा मोबाइलवरील लघुसंदेशाला दिली. अशा व्यवहारप्रणालीतील आज्ञावलीचा एकेक भाग सुटा करून तो अपेक्षित उत्तर देतो का, हे तपासणे म्हणजे घटक चाचणी होय. शून्य वजन किंवा दुबार पावती आल्यास बिल काढणारा भाग ती नोंद नाकारतो का, हे आधीच पाहणे अत्यावश्यक ठरते, कारण तेथील चूक थेट शेतकऱ्याच्या वर्षभराच्या कष्टाच्या मोबदल्यावर उतरते.