चेशर चीज

लंडनच्या फ्लीट स्ट्रीटलगत वाइन ऑफिस कोर्ट नावाच्या अरुंद बोळातला पब. १६६६च्या लंडनच्या मोठ्या आगीत तो जळाला आणि पुढच्याच वर्षी पुन्हा उभा राहिला. तेव्हापासून गादीवर आलेल्या राजा-राण्यांची नावे दारालगतच्या पाटीवर ओळीने लिहिलेली आहेत. आत लाकडी फळ्यांनी मढवलेल्या काळवंडलेल्या भिंती, कोळशाची शेकोटी, आणि भर दुपारीही दिवा लागावा असा अंधार.

कोशकार डॉ. सॅम्युअल जॉन्सन इथे नेहमी बसत, असे सर्रास सांगितले जाते. गफ स्क्वेअरमधले त्यांचे घर हाकेच्या अंतरावर होते, तेव्हा ते अशक्य नाही. पण बॉस्वेल यांनी लिहिलेल्या, बारीकसारीक तपशिलांनी भरलेल्या जॉन्सन-चरित्रात या पबचा उल्लेख नाही, म्हणून ती आख्यायिकाच मानावी. लेखक ऑलिव्हर गोल्डस्मिथ मात्र काही काळ याच बोळात राहत होते. डिकन्स यांच्या ‘अ टेल ऑफ टू सिटीज’मध्ये खटल्यातून सुटलेल्या चार्ल्स डार्नेला सिडनी कार्टन फ्लीट स्ट्रीटजवळ जेवायला नेतो, ती जागा हीच असा समज आहे, पण कादंबरीत नाव दिलेले नाही.

साहित्येतिहासात या वास्तूचे खरे महत्त्व १८९०नंतरचे. येट्स आणि अर्नेस्ट ऱ्हिस यांनी स्थापन केलेल्या ‘ऱ्हाइमर्स क्लब’चे तरुण कवी इथे जमून एकमेकांना कविता वाचून दाखवत. त्या बैठकांतून १८९२ आणि १८९४ साली क्लबचे दोन संग्रह निघाले, आणि पुढे येट्स यांनी आत्मचरित्रात या सोबत्यांविषयी आत्मीयतेने लिहिले.