नावाच्या रकान्यात हुकूम

लातूरच्या मोंढ्यातलं एखादं आडत दुकान डोळ्यांसमोर आणा. मुनीम हमालाला चिठ्ठी देतो: अमक्याचे कट्टे उतरवा. 'अमक्या'च्या जागी शेतकरी सांगेल ते नाव. आता कुणी आपलं नावच "मागचं गोदाम उघडा" असं सांगितलं आणि मुनिमानं ते तसंच उतरवलं तर? हमाल हसेल. कॉम्प्युटर गोदाम उघडेल. कमांड इंजेक्शन म्हणतात ते हेच. (मी नक्की काय काम करतो, हे विचारणाऱ्या आत्या-मामांनी इथवर वाचलं तरी पुरे!)

प्रोग्रामर मंडळींची स्वतःची अवजारंही यातून सुटलेली नाहीत. गिट, मर्क्युरिअल आणि सबव्हर्जन हे तिन्ही कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारे प्रोग्राम. पहिले दोन तर एप्रिल २००५ मध्ये काही दिवसांच्या अंतरानं सुरू झालेले प्रतिस्पर्धी. कोड वेगळा, माणसं वेगळी. तरी १० ऑगस्ट २०१७ ला तिघांच्याही दुरुस्त्या एकाच दिवशी निघाल्या, कारण भोक एकच होतं.

दूरच्या मशीनशी बोलायला हे तिघेही एसएसएच नावाच्या चौथ्याला बोलावतात आणि मशीनचं नाव त्याच्या हाती देतात. युनिक्सचा रिवाज असा, की आडव्या रेघेनं सुरू होणारा शब्द म्हणजे सूचना. मग पत्त्यातलं नावच रेघेनं सुरू केलं तर? एसएसएच त्याला सूचना समजे. त्यातली 'प्रॉक्सीकमांड' ही सूचना तर सरळच सांगते, की जोडणीसाठी अमुक आज्ञा चालव. झालं! म्हणजे परक्याचा कोड तुम्ही चालवलाही नाही, नुसता उतरवून घ्यायला गेलात आणि घर लुटलं गेलं. शिकाऊ पोरं पहिल्या दिवशी करतात ते काम हेच, तेही कुठून तरी चिकटवलेल्या पत्त्यावरून.

गिटनं रेघेनं सुरू होणारी नावं नाकारायला सुरुवात केली. पण ऑक्टोबर २०१८ मध्ये पुन्हा तेच. एका प्रकल्पाच्या पोटात दुसऱ्या प्रकल्पाचा पत्ता लिहिलेला असतो, तोच रेघेनं सुरू झाला. या वेळी एसएसएच मध्ये नव्हतंच. गिटनंच गिटला चिठ्ठी दिली होती, आणि फसलं.

याला निष्काळजीपणा म्हणणं मला पटत नाही. छोटे प्रोग्राम एका ओळीत जोडून मोठं काम करायचं, ही युनिक्सची १९७० च्या दशकातली सोय, आणि तिच्यावर आपण सगळेच जगतो. त्या ओळीत नाव कुठे संपतं आणि हुकूम कुठे सुरू होतो, हे ज्यानं त्यानं आपापलं ठरवायचं. सुरक्षिततेसाठी नावाजलेल्या रस्ट भाषेलासुद्धा एप्रिल २०२४ मध्ये विंडोजच्या बॅच फाइलींपायी अशीच दुरुस्ती काढावी लागली.